ग्रीक बेटांवरील पायवाटा आणि दुपारची वेळ

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीक बेटांच्या सहलीविषयी अलीकडे प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. लेखातील वर्णने सुरेख आहेत आणि माहितीही बहुतांशी बरोबर आहे. मात्र त्यातील एका सल्ल्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. जेवणानंतरचा वेळ मोकळा असेल, तर शेजारच्या किनाऱ्यावरच्या गावापर्यंत रमतगमत चालत जावे, अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर असते, असे लेखकाने सुचवले आहे. सहलींच्या कार्यक्रमपत्रिकांतही 'दुपारी मोकळा वेळ, जवळच्या किनाऱ्यावर पायी जाता येईल' अशा अर्थाचे वाक्य मी वाचले आहे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत एजियन समुद्रातील बेटांवर हा सल्ला धोक्याचा आहे, आणि तो शब्दशः पाळणाऱ्या माणसाचा जीवही जाऊ शकतो, म्हणून हे पत्र.

या बेटांवर पायी हिंडण्याला माझा विरोध मुळीच नाही. उलट ग्रीक बेट खऱ्या अर्थाने पाहायचे असेल, तर ते पायांनीच पाहावे असे माझे ठाम मत आहे. थाइम आणि सेजच्या झुडपांचा पायाखाली दरवळणारा वास, वळणावर अचानक दिसणारी एखादी निर्मनुष्य खाडी, पांढऱ्या चुन्याने रंगवलेले डोंगरधारेवरचे प्रार्थनाघर, हे बसच्या खिडकीतून कळत नाही. प्रश्न चालण्याचा नाही, वेळेचा आहे. आणि या बेटांवरील अंतर किलोमीटरमध्ये मोजण्याची जी सवय आपल्याला फोनमधील नकाशांनी लावली आहे, तिचा आहे.

सँटोरिनी बेटावरील पेरिसा आणि कामारी ही दोन गावे पाहा. काळ्या वाळूच्या किनाऱ्यांमुळे दोन्ही प्रसिद्ध आहेत आणि नकाशावर ती एकमेकांना खेटून असल्यासारखी दिसतात. परंतु त्यांच्यामध्ये मेसा वूनो हा साडेतीनशे मीटरांहून उंच डोंगर थेट समुद्रात उतरलेला आहे. त्याच्या माथ्यावर प्राचीन थेरा नगरीचे अवशेष आहेत. एका गावातून दुसऱ्या गावात पायी जायचे, तर या डोंगराच्या खिंडीपर्यंत सावली नसलेल्या दगडी वाटेने चढावे लागते आणि पलीकडे वळणावळणांच्या रस्त्याने उतरावे लागते. मोटारीचा रस्ता तर डोंगराला मोठा वळसा घालून जातो. म्हणूनच उन्हाळ्यात या दोन किनाऱ्यांदरम्यान लहान होडी ये-जा करते आणि काही मिनिटांत पोहोचवते. नकाशावर बोटाच्या पेराएवढे दिसणारे अंतर प्रत्यक्षात डोंगर ओलांडण्याचे आहे, हे जेवून बाहेर पडलेल्या पाहुण्याला तिथल्या चढावर कळते, आणि तोवर हातातील बाटली निम्मी झालेली असते.

हे एका बेटापुरते नाही, त्यामागे इतिहास आहे. एजियन समुद्रात शतकानुशतके चाचेगिरी होती, त्यामुळे बहुतेक बेटांवरील मुख्य गाव, ज्याला तिथे होरा म्हणतात, किनाऱ्यापासून दूर, उंचावर वसले. जुन्या वाटा या वरच्या गावातून खाली शेतांकडे, प्रार्थनाघरांकडे आणि एकेका खाडीकडे उतरत गेल्या, जशी तळव्यातून बोटे निघावीत तशा. दोन खाड्यांना किनाऱ्यालगत जोडणारी वाट करण्याचे कोणाला कारणच नव्हते, कारण खाडीत राहणारे फारसे कोणी नव्हते. आज त्याच खाड्यांवर हॉटेले आणि भोजनगृहे उभी आहेत, पण वाटा मात्र जुन्याच आहेत. त्यामुळे एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना पुष्कळदा आधी डोंगरावर चढून मग उतरावे लागते. किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याचा हट्ट धरणारा माणूस कड्यापाशी अडकतो.

जुन्या दगडी फरसबंद वाटांना तिथे कालदेरिमी म्हणतात. गाढवे आणि खेचरे यांच्यासाठी त्या बांधलेल्या असल्यामुळे त्यांची चढण समजूतदारपणे बेतलेली असते आणि दोन्ही बाजूंना बहुधा दगडी बांध असतो. अशा वाटेवर आहोत तोवर चुकण्याची भीती कमी. परंतु अनेक ठिकाणी ही वाट मध्येच मोटाररस्त्याने गिळलेली असते, ढासळलेली असते किंवा काटेरी झुडपांत हरवलेली असते, आणि तिथून पुढे शेळ्यांनी पाडलेल्या असंख्य पाऊलवाटा सुरू होतात. त्या दिसायला माणसांच्या वाटांसारख्याच असतात, पण शेळीला कोठेच पोहोचायचे नसते. दगडांवर रंगाचे ठिपके किंवा एकावर एक रचलेल्या दगडांच्या लहान राशी दिसत असतील, तर वाट बरोबर आहे. त्या दिसेनाशा झाल्या, की शेवटची खूण जिथे दिसली तिथपर्यंत मागे फिरावे. नुसत्या फोनवर विसंबण्याऐवजी आनावासीसारख्या ग्रीक प्रकाशनाचा पायवाटांचा नकाशा जवळ असावा, कारण त्यात उंचीच्या रेषा असतात आणि वाटेतील चढ आधीच कळतो.

आता वेळेविषयी. सकाळी अकरा-बाराला निघालो, तर ऊन चढण्यापूर्वी पोहोचू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ग्रीसमध्ये ती फसवी ठरते. तिथे मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून बराच वेळ झालेला असतो. पूर्वेकडील ऱ्होड्स आणि सिमी या बेटांवर जून-जुलैत खरी माध्यान्ह सव्वा वाजण्याच्या सुमारास होते, पश्चिमेकडील कॉर्फूवर तर पावणेदोनच्या सुमारास. हवेचे तापमान त्यानंतरही दोन-तीन तास चढत राहते. म्हणजे दुपारी दीडला जेवण आटोपून बाहेर पडलेला माणूस उतरत्या उन्हात निघालेला नसतो, तर दिवसातील सर्वांत कडक वेळेच्या तोंडावर निघालेला असतो, आणि साडेपाच-सहापर्यंत त्याला दिलासा मिळत नाही. जूनच्या मध्यावर सूर्य तिथे इतका माथ्यावर असतो, की बांधाची किंवा कड्याची सावली जवळजवळ पडतच नाही.

स्थानिक लोकांनी या वेळेशी केव्हाच जुळवून घेतले आहे. दुपारी दुकाने बंद होतात, माणसे घरात जातात. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच ही शांततेची वेळ नियमानेच ठरलेली आहे. उष्णतेची लाट आली, की ग्रीक सरकार बांधकामावरील मजुरांचे आणि दुचाकीवरून माल पोहोचवणाऱ्यांचे काम दुपारी बारा ते पाच या वेळेत थांबवण्याचा आदेश काढते. १२ आणि १३ जून २०२४ रोजी अथेन्सचे अॅक्रोपोलिससुद्धा याच वेळेत पर्यटकांसाठी बंद ठेवण्यात आले होते. ज्या तासांत त्या देशातील मजुराला उघड्यावर काम करण्यास मनाई होते, नेमके तेच तास आपल्या कार्यक्रमपत्रिकेत पायी फिरण्यासाठी मोकळे सोडलेले असावेत, ही गोष्ट मला अतिशय गंभीर वाटते.

यात आणखी एक बाब आहे, जी मला उन्हापेक्षाही महत्त्वाची वाटते. सर्वजण घरात असल्यामुळे दुपारी त्या वाटांवर कोणीही नसते. सकाळी सातला मेंढपाळ भेटतो, मधमाश्यांच्या पेट्या पाहायला निघालेला गावकरी भेटतो, दुसरे चालणारे भेटतात. दुपारी दोनला पाय मुरगळून बसलेल्या किंवा चक्कर येऊन पडलेल्या माणसाकडे तास-दोन तास कोणाची नजरही जात नाही, मग तो वस्तीपासून हाकेच्या अंतरावर का असेना.

५ जून २०२४ रोजी सिमी बेटावर जे घडले, ते अनेक वाचकांना आठवत असेल. ब्रिटनमधील सुपरिचित डॉक्टर आणि दूरचित्रवाणी निवेदक मायकेल मोस्ली त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास आगिओस निकोलाओस या किनाऱ्यावरून पायी निघाले. पेडी या किनाऱ्यावरील गावातून पुढे जाताना ते कॅमेऱ्यात दिसले, उन्हासाठी त्यांच्याजवळ छत्रीही होती. त्या दिवसांत तिथे पारा चाळीस अंशांच्या आसपास पोहोचला होता. पुढची वाट खडकाळ डोंगरउतारावरून जाते. चार दिवसांच्या शोधानंतर, ९ जून रोजी, आगिया मारिना या किनाऱ्याजवळ त्यांचा मृतदेह आढळला. त्या किनाऱ्यावरचे उपाहारगृह तिथून अगदी थोड्या अंतरावर होते. मृत्यूचे कारण खात्रीने ठरवता आले नाही, परंतु उष्माघात ही एक प्रमुख शक्यता म्हणून ब्रिटनमधील चौकशीत नोंदवली गेली. ते ६७ वर्षांचे होते आणि आरोग्याविषयी लोकांना समजावून सांगण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली होती. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून मी हे लिहीत आहे. इतक्या जाणत्या माणसाच्या बाबतीत जे घडू शकते, ते सहलीला आलेल्या कोणाच्याही बाबतीत घडू शकते, एवढेच मला दाखवायचे आहे. त्याच जून महिन्यात सामोस, आमोर्गोस, सिकिनोस आणि कॉर्फूजवळचे लहानसे माथराकी या बेटांवरूनही पर्यटक मृतावस्थेत आढळल्याच्या किंवा बेपत्ता झाल्याच्या बातम्या आल्या. त्यांतील अनेकजण एकटे फिरायला निघालेले होते आणि बहुतेकांनी पन्नाशी ओलांडलेली होती.

यावर आपल्याकडे हमखास ऐकू येणारे उत्तर मला ठाऊक आहे: आम्ही उन्हाच्या देशातले, आम्हाला चाळीस अंशांचे काय कौतुक! या आत्मविश्वासाला शरीरशास्त्राचा आधार नाही. उष्णतेची सवय जन्माने किंवा मायदेशाने मिळत नाही. ती सलग आठवडा-दोन आठवडे उन्हात शारीरिक श्रम केल्यावर शरीरात तयार होते, आणि ते श्रम थांबले की काही आठवड्यांत ओसरते. वातानुकूलित कचेरीत काम करणारा आणि वातानुकूलित गाडीतून ये-जा करणारा माणूस कोणत्याही देशातला असो, त्याच्या शरीराला ही सवय नसते. शिवाय उन्हाच्या देशातले लोक दुपारी दोन वाजता पाठीवर पिशवी घेऊन डोंगर चढत नाहीत, ते सावली शोधतात. तेच शहाणपण परदेशी सहलीत सोडून देण्याचे कारण, मला वाटते, असे की सुट्टीचा प्रत्येक तास मोठी रक्कम मोजून घेतलेला असतो आणि खोलीत पडून राहणे म्हणजे पैसे वाया घालवणे वाटते.

एजियनमधील ऊन आणखी एका प्रकारे फसवते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा कोरडा वारा वाहतो, कधी कधी दिवसचे दिवस. या वाऱ्यात घाम आल्याबरोबर सुकतो, त्यामुळे आपण घामाघूम झालो आहोत हे कळत नाही, कपडे ओले होत नाहीत, आणि शरीरातील पाणी मात्र भराभर कमी होत राहते. उन्हात चढ चढताना तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. समुद्रात डुंबून लगेच चालायला लागल्यास सुरुवातीची काही मिनिटे गारवा वाटतो आणि अंदाज अधिकच चुकतो. मग डोंगराच्या आडोशाला, जिथे वारा पोहोचत नाही अशा घळीत शिरल्यावर तापलेल्या खडकांची झळ एकदम अंगावर येते. हवामानखाते सांगते ते तापमान सावलीतले असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्या घळीत सावली नसते.

उष्माघाताची खरी भीती अशी, की तो आधी विवेकावर आघात करतो. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे, घेरी येणे या आधीच्या पायऱ्या आहेत आणि त्या वेळी थांबून सावलीत बसले, पाणी घेतले, तर माणूस सावरतो. शरीराचे आतील तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेले, की बोलण्यात आणि विचारात गोंधळ सुरू होतो. वाट चुकल्याचे उमगत नाही, मागे फिरावे हे सुचत नाही, पिशवीत पाणी असूनही ते पिण्याचे भान राहत नाही. त्यामुळे 'त्रास झाला तर परत फिरू' हा बेत एकट्याने चालणाऱ्यासाठी बेतच नव्हे. सोबतीला कोणीतरी हवे, आणि सोबत्याने दुसऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष ठेवायला हवे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांनी तर निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मग चालायचे केव्हा आणि कसे? उजाडताच. जूनअखेरीस ऱ्होड्सच्या बाजूला सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो, कॉर्फूकडे सहानंतर. साडेपाच-सहाला निघून नऊ-साडेनऊपर्यंत दुसऱ्या गावी पोहोचावे, तिथल्या किनाऱ्यावर झाडाखाली किंवा भोजनगृहाच्या मांडवात दिवस घालवावा, पोहावे, जेवावे, आणि परतताना होडी किंवा बस घ्यावी. पण दुपारनंतर मेल्टेमी वाढला, तर लहान होड्यांच्या फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीची होडी आज निघणार आहे का आणि शेवटची फेरी केव्हा, हे आदल्या संध्याकाळी धक्क्यावर विचारून घ्यावे. नाहीतर सकाळचा शहाणपणाने केलेला प्रवास दुपारच्या परतीच्या पायपिटीत संपतो. होडी रद्दच झाली, तर संध्याकाळी सहापर्यंत सावली सोडू नये. जूनमध्ये तिथे साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करण्याचे कारण नसते.

क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावरील होरा स्फाकियोन ते लूत्रो ही वाट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लूत्रोला मोटाररस्ता नाही. तिथे एकतर होडीने जावे लागते किंवा पायी. युरोपभर पसरलेल्या ई-४ या दीर्घ पदमार्गाचा हा एक भाग असून तो साधारण दोन-अडीच तासांत पुरा होतो. मध्ये ग्लिका नेरा हा किनारा लागतो, जिथे खारट समुद्राला लागून असलेल्या गोट्यांतून गोडे पाणी झिरपते. ही वाट दक्षिणाभिमुख कड्याच्या कुशीतून जाते. सकाळी लवकर ती अतिशय सुंदर आहे, निळ्या पाण्यावर पडणारा कड्याचा रंग पाहत राहावासा वाटतो. पण त्याच वाटेवर दुपारी कड्याची भिंत आणि समुद्र यांच्यामध्ये ऊन कोंडते, आणि ते टाळायला आडवाट नसते. एकच वाट, एकच अंतर, आणि सहा तासांच्या फरकाने तिचे स्वरूप पूर्णपणे बदलते.

पाणी माणशी किमान दोन लिटर घ्यावे, आणि ते निघण्यापूर्वीच. ग्रीसमध्ये अर्ध्या लिटरची बाटली सहसा ५० सेंटला मिळते, तेव्हा खर्चाचा प्रश्न नाही, प्रश्न वाटेत दुकान नसण्याचा आहे. एजियनमधील पुष्कळ लहान बेटांवर मुळात पाण्याचे दुर्भिक्ष आहे. समुद्राचे पाणी गोडे करून किंवा जहाजाने आणून तिथे भागवतात, आणि डोंगरात वाहता झरा सापडेल या आशेवर राहता येत नाही. प्रार्थनाघराच्या अंगणात पावसाच्या पाण्याचे टाके असते, पण ते पाणी पिण्यासाठी नव्हे, फार तर टोपी आणि रुमाल भिजवण्यासाठी वापरावे. सावलीसाठी मात्र ही लहान प्रार्थनाघरे मोठा आधार ठरतात. पाण्याबरोबर मीठ-साखरेची पुडी, काठाची टोपी, बंद बूट. हॉटेलातील चपला घालून या वाटांवर जाऊ नये.

सर्व बेटे सारखी नाहीत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पश्चिमेकडील आयोनियन समुद्रातील कॉर्फूवर पाऊस भरपूर पडतो, आणि तिथे ऑलिव्हच्या जुन्या बागांतून, सायप्रसच्या सावलीतून जाणाऱ्या वाटा आहेत. स्कियाथोसच्या दक्षिण किनाऱ्यावर पाइनची झाडे पाण्यापर्यंत उतरली आहेत, आणि शहरापासून कूकूनारिएस या किनाऱ्यापर्यंत क्रमांक घातलेले सव्वीस बसथांबे असल्यामुळे थकलेला माणूस कोठेही बस पकडू शकतो. अशा ठिकाणी चालण्याचा सल्ला मीही निःशंकपणे देईन. पण 'ग्रीक बेट' असे एकच नाव देऊन स्कियाथोसचा सल्ला सिमीला लावणे चूक आहे.

झाकिंथोसवर वेगळीच अडचण येते. लागानास आणि कालामाकी या दोन गावांमधील वाळूवरून लोक सर्रास चालत जातात. तो किनारा समुद्री कासवांच्या अंडी घालण्याच्या जागांपैकी असून राष्ट्रीय सागरी उद्यानात मोडतो. हंगामात रात्री तिथे जाण्यास बंदी असते. ऊन टाळण्यासाठी अंधारात वाळूवरून जाण्याचा बेत तिथे करू नये, दिवसाही पाण्याच्या काठच्या ओल्या वाळूवरूनच चालावे.

जिथे पायवाट नाही आणि मोटाररस्त्यानेच जावे लागते, उदाहरणार्थ ऱ्होड्सवरील लिंडोस ते पेफकोस, तिथे पदपथ बहुतेक नसतो. ग्रीसमध्ये वाहने उजवीकडून चालतात. म्हणून पायी चालणाऱ्याने रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. आपली सवय याच्या नेमकी उलट असल्यामुळे आणि भाड्याच्या चारचाकी मोटारसायकली वळणांवर वेगाने येत असल्यामुळे हे मुद्दाम सांगावे लागते.

उन्हाळ्यात वणव्याचाही विचार करावा लागतो. जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्सवर लागलेल्या वणव्यात सुमारे १९,००० लोकांना हलवावे लागले. किओतारीसारख्या किनाऱ्यावरील पर्यटनगावांतून माणसे सामानासह धुरातून पायी निघाली होती. ग्रीक नागरी संरक्षण विभाग उन्हाळ्यात दररोज वणव्याच्या धोक्याचा नकाशा प्रसिद्ध करतो, आणि धोका वरच्या पातळीवर असेल त्या दिवशी जंगलातील वाटा बंद होऊ शकतात. तातडीचे इशारे ११२ या क्रमांकाच्या यंत्रणेतून थेट फोनवर येतात, त्यामुळे फोन चालू आणि भारित ठेवावा. मदतीसाठीही ११२ हाच क्रमांक आहे, रुग्णवाहिकेचा १६६ आणि किनारारक्षक दलाचा १०८. लहान बेटांवर बहुधा केवळ आरोग्यकेंद्र असते आणि गंभीर रुग्णाला मोठ्या बेटावर किंवा अथेन्सला हलवावे लागते. म्हणून उष्माघात झालेल्या माणसाला गार करणे हे काम सोबत्यांनीच, त्याच जागी, ताबडतोब सुरू केले पाहिजे: सावलीत न्यायचे, अंगावर मिळेल ते पाणी ओतून वारा घालायचा, समुद्र अगदी जवळ असेल तर दोघांनी धरून डोके वर ठेवून पाण्यात बसवायचे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही.

मे महिन्यात किंवा सप्टेंबरअखेरीनंतर जाता येत असेल, तर यातील बहुतेक चिंता उरत नाहीत. मेमध्ये डोंगर फुलांनी भरलेले असतात, ऑक्टोबरमध्ये समुद्र अजून उबदार असतो. मात्र मेच्या पहिल्या पंधरवड्यात लहान खाड्यांवरील भोजनगृहे आणि होड्या पुष्कळदा सुरू झालेल्या नसतात, याची चौकशी आधी करावी.

सहल आखणाऱ्या कंपन्यांकडे माझे एक स्पष्ट मागणे आहे. जून ते ऑगस्टच्या सहलींत दुपारी बारा ते सहा या वेळेसमोर 'पायी' हा शब्द नसावा. फिरण्याची हौस असलेल्यांसाठी सकाळी सहाला निघणारा गट करावा, त्याच्यासोबत वाट माहीत असलेला माणूस द्यावा, आणि न्याहारीची वेळ त्याप्रमाणे ठेवावी. हॉटेलांची न्याहारी साडेसात-आठला सुरू होते, आणि ती चुकू नये म्हणून लोक उशिरा निघतात. आदल्या रात्री ब्रेड, चीज आणि फळे बांधून मागितली, तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात.

आणि आपल्या पुरवणीकडे विनंती अशी, की दोन किनाऱ्यांमधील अंतर छापताना नुसते किलोमीटर छापू नयेत. वाट किती मीटर चढते, सावली कोणत्या भागात आहे, पाणी कोठे मिळते, परतीची होडी किंवा बस आहे का, आणि कोणत्या वेळेनंतर त्या वाटेला लागू नये, या गोष्टी त्याच ओळीत याव्यात. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये घालून दिलेला हिशेब आजही वापरला जातो: सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर, आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तो हिशेब स्कॉटलंडच्या थंड हवेतल्या धडधाकट माणसाचा आहे. ग्रीक बेटांविषयी लिहिणाऱ्यांनी त्यात उन्हाचा वाटा धरून, निदान दीडपट वेळ सांगावा. लेखकमहाशयांनी आपल्या लेखातील त्या सल्ल्याखाली पुढील अंकात अशी दुरुस्ती दिली, तर या उन्हाळ्यात तिकडे निघालेल्या कुटुंबांना ती वेळेवर वाचायला मिळेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक